बर्डीतील चेन-रनर दुरुस्तीचे दुकान : तीन वस्तूंचा अनुभव

बॅगेची चेन नीट लागेनाशी झाली की बॅगच टाकून द्यायची, ही सवय आपल्या घराघरांत इतकी रुळली आहे की चेन दुरुस्त होते हेच अनेकांच्या लक्षात राहिलेले नाही. माझ्याही लक्षात नव्हते. गेल्या फेब्रुवारीपासून मी नागपूरच्या सीताबर्डीतील, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या बर्डीतील, एका लहानशा दुकानात घरच्या तीन वस्तू नेल्या. त्यांपैकी दोन आज रोजच्या वापरात आहेत आणि तिसरीबद्दल मला खरे उत्तर मिळाले. या दुकानाबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते ते तेथील माणूस चेन या वस्तूकडे ज्या नजरेने पाहतो त्यामुळे.

मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंज स्थानकातून बाहेर पडून मेन रोडची गर्दी ओलांडली आणि मोदी नंबर तीनच्या बाजूला आत वळले की एका जिन्याखाली जेमतेम चार फूट रुंदीची ही जागा दिसते. दुकानाला नाव नाही. 'चेन, रनर, हँडल बदलून मिळेल' एवढाच मजकूर एका पुठ्ठ्यावर लिहिलेला आहे. रनर म्हणजे चेन लावताना-उघडताना आपण ओढतो तो सरकता भाग. आत भिंतीला लागून प्लास्टिकच्या बरण्या मांडलेल्या असून त्यांत नंबर ३, ५, ८ आणि १० चे रनर वेगवेगळे ठेवलेले आहेत. हा नंबर म्हणजे बंद केलेल्या चेनीच्या दात्यांची मिलिमीटरमधील अंदाजे रुंदी, आणि बहुतेक रनरच्या पाठीवर तो कोरलेला असतो. घरातल्या कोणत्याही बॅगेचा रनर उलटा करून पाहिला तर तो सापडेल. हे मला तेथेच प्रथम कळले.

पहिली वस्तू होती माझ्या मुलीची शाळेची बॅग. चेन पुढे सरकायची, पण रनरच्या मागे लगेच उघडी पडायची, आणि वह्या रस्त्यात पडतील या भीतीने मुलगी ती बॅग पोटाशी धरून शाळेत जात असे. आधी मी घराजवळच्या एका दुकानात विचारले होते. तेथे बॅगेकडे नुसते पाहून सांगण्यात आले की पूर्ण चेन बदलावी लागेल, अडीचशे रुपये होतील, त्यापेक्षा नवी बॅग घ्या. बॅगेचे कापड, शिवण, पट्टे सगळे शाबूत असताना हा सल्ला मला पटला नाही.

बर्डीतील काकांनी बॅग हातात घेतली, तेव्हा त्यांनी सर्वप्रथम चेन पूर्ण उघडली आणि दोन्ही बाजूंच्या दात्यांवरून अंगठ्याचे नख सावकाश फिरवत नेले. एखादा दाता वाकला आहे का, गळला आहे का, कापडी पट्टी कुठे उसवली आहे का, हे त्यांनी टोकापर्यंत तपासले. मग रनर उलटा करून त्याच्या मागच्या बाजूची फट डोळ्यांजवळ धरून पाहिली. सगळे मिळून अर्धा मिनिट लागला असेल. "ताई, चेन चांगली आहे जी, रनरनं दम सोडला," असे म्हणून त्यांनी नंबर ८ ची बरणी उघडली.

या एका वाक्यात चेनीचे सगळे यंत्रशास्त्र सामावलेले आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय या दुकानाचे मोल कळणार नाही. आज आपण वापरतो त्या रचनेची चेन गिडिऑन सुंडबॅक या स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या अभियंत्याने सिद्ध केली. तिच्या पेटंटसाठी त्याने १९१४ साली अर्ज केला आणि २० मार्च १९१७ रोजी ते मंजूर झाले. त्याच्या आधी शिकागोच्या व्हिटकम जडसनने अशा बंधाचे पेटंट १८९३ साली घेतले होते. स्वामी विवेकानंदांनी त्याच शहरात सर्वधर्म परिषदेत भाषण केले ते हेच वर्ष. परंतु जडसनची रचना आकडा आणि कडी या तत्त्वावर चालणारी होती. ती वाकली की आकडे सुटत आणि बंध नको त्या वेळी उघडत असे. सुंडबॅकने जडसनच्याच वारसदार कंपनीत काम करताना आकडे-कडी हा विचारच सोडून दिला. मधल्या काळात त्याने आणखी एक रचना करून पाहिली, जिच्यात एका बाजूचे जबडे दुसऱ्या बाजूच्या कापडाची जाड कड पकडून ठेवत. पण कापड लवकर झिजत असल्यामुळे ती टिकली नाही.

शेवटी त्याने जे केले ते विलक्षण साधे होते. दोन्ही बाजूंना अगदी एकसारखे, चमच्यासारखे दाते बसवायचे. प्रत्येक दात्याच्या एका अंगाला लहानसा उंचवटा आणि दुसऱ्या अंगाला तेवढाच खळगा असतो, आणि समोरासमोरच्या रांगा अर्ध्या दात्याने पुढे-मागे ठेवलेल्या असतात. त्यामुळे एका बाजूच्या दात्याचा उंचवटा दुसऱ्या बाजूच्या दात्याच्या खळग्यात जाऊन बसतो, आणि त्याच्या मागोमाग येणारा दाता त्याला बाहेर पडू देत नाही. पूर्वी एका इंचात चार बंध असत, ते सुंडबॅकने दहा-अकरापर्यंत नेले. असे बसलेले दाते दोन्ही हातांनी आडवे ओढले तरी सुटत नाहीत, कारण सुटण्यासाठी प्रत्येक दाता एकेक करून तिरपा व्हावा लागतो, आणि त्यांना तसे तिरपे करणारा चेनीत एकच भाग आहे, तो म्हणजे रनर. रनरच्या पोटात इंग्रजी वाय अक्षरासारखा मार्ग असतो. वर सरकताना त्याच्या दोन्ही कडा दात्यांना एकमेकांत दाबतात, खाली येताना मधली पाचर त्यांना वेगळे करते.

याचा अर्थ असा की चेन बंद करण्याचे सारे काम रनरच्या कडा करतात, आणि हजारो वेळा दाते घासून गेल्यावर सर्वांत आधी त्याच झिजतात. वरचा आणि खालचा पत्रा यांतील फट केसभर वाढली तरी दात्यांवरचा दाब कमी होतो. रनर पुढे जातो, पण मागचे दाते एकमेकांत बसलेलेच नसतात. पाहणाऱ्याला वाटते की चेन बिघडली. प्रत्यक्षात दाते धडधाकट असतात. घराजवळच्या दुकानात अडीचशे रुपयांची चेन बदलायला निघाले होते, तेथे बिघडलेला भाग बोटाच्या पेराएवढा होता.

काकांनी पक्कडीने चेनीच्या टोकाचा धातूचा अडसर काढला, जुना रनर बाहेर घेतला आणि नव्या रनरमध्ये दोन्ही पट्ट्यांची टोके एकाच वेळी सरकवली. हे काम दिसते तितके सोपे नाही. दोन्ही पट्ट्या एका दात्याच्याही फरकाने पुढे-मागे झाल्या, तर चेन लागते, पण एका बाजूला कापड फुगून राहते आणि नवा रनर लवकर झिजतो. त्यांनी पहिल्या प्रयत्नात तसे झाल्याचे पाहिले, रनर पुन्हा काढला आणि दुसऱ्यांदा बसवला. मग टोकाला नवा अडसर न ठोकता जाड दोऱ्याचे पाच-सहा टाके घातले, कारण शाळेच्या बॅगेचा पत्र्याचा अडसर मुलांच्या हातून उचकटतो, असे त्यांचे म्हणणे होते. सात-आठ मिनिटे आणि चाळीस रुपये लागले. आज आठ महिने झाले, त्या बॅगेची चेन एकदाही उघडी पडलेली नाही.

दुसरी वस्तू म्हणजे सासूबाईंची प्रवासाची जुनी बॅग, जाड पितळी दात्यांची. नागपूरच्या उन्हाळ्यात ती माळ्यावर राहिली होती, नंतरच्या पावसाळ्यात पितळेवर हिरवट थर चढला होता आणि रनर जागचा हलत नव्हता. येथे काकांनी रनर बदलला नाही. जुन्या टूथब्रशने दाते कोरडे घासले, त्यांवर मेणबत्तीचा तुकडा फिरवला, रनर मोकळा झाल्यावर त्याच्या मागच्या बाजूच्या दोन्ही कडा पक्कडीने किंचित आवळल्या आणि दहा रुपये घेतले. तेल का नको, हे मी विचारले. तेलाला धूळ चिकटते आणि तीच धूळ पुढे पितळ घासून खाते, असे त्यांनी सांगितले, आणि ते मला बरोबर वाटते. मात्र हा इलाज तीन आठवड्यांत संपला. मी बॅग परत नेली तेव्हा त्यांनी कुरकुर न करता नवा पितळी रनर बसवला आणि साठ रुपयांतून आधीचे दहा वजा केले. रनर पक्कडीने एकदा आवळता येतो, पण तो बहुधा ओतीव धातूचा असल्यामुळे दुसऱ्यांदा दाबला की तडकतो, हेही त्यांनी तेव्हा सांगितले. ते पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर मी तेव्हाच नवा रनर घेतला असता आणि माझी एक फेरी वाचली असती.

तिसरी वस्तू, माझे हिवाळ्याचे जॅकेट, मात्र दुरुस्त झाले नाही. जॅकेटची चेन बॅगेच्या चेनीहून वेगळी असते, कारण ती खालून पूर्ण सुटी करावी लागते. तिच्या एका बाजूला खाली पेटी आणि दुसऱ्या बाजूला त्या पेटीत जाणारी पिन असते. माझ्या जॅकेटची पिन कापडासकट उखडली होती. काकांनी ती पाहताच सांगितले की येथे रनर बदलून काहीही होणार नाही, पूर्ण चेन बदलावी लागेल, आणि शिवणाचे ते काम ते स्वतः करत नाहीत. चांगल्या शिंप्याकडे जा. पैसे घेतले नाहीत. त्यांच्याकडे जॅकेटच्या लांबीची चेन होती, पण फक्त काळी, आणि माझे जॅकेट विटकरी रंगाचे आहे. अशा उघडणाऱ्या चेनी त्यांनी चार-पाच रंगांत तरी ठेवायला हव्यात. डिसेंबरात अर्धे नागपूर जॅकेट घालून फिरते, आणि त्या वेळी ही मागणी निश्चित असते.

आणखी काही उणिवा सांगितल्या पाहिजेत. वस्तू ठेवून घेतली तर पावती मिळत नाही. बॅगेला खडूने खूण करतात आणि तुम्ही लक्षात ठेवायचे. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि त्या आठवड्यात येथे इतकी गर्दी होते की एका दिवसाचे वचन दिलेली भाचीची बॅग मला तिसऱ्या दिवशी मिळाली. त्याहून गंभीर गोष्ट ही की त्यांच्याकडे रनर दोन प्रतींचे आहेत, एक हलका आणि एक जड, आणि विचारल्याशिवाय ते हलकाच बसवतात. भाचीच्या बॅगेच्या रनरचे पॉलिश महिन्याभरात उडाले. जड रनरचा भाव पंधरा-वीस रुपयांनी अधिक आहे, तो मागून घ्यावा. रोज पाच किलो वह्या-पुस्तके वाहणाऱ्या बॅगेला हलका रनर लावणे योग्य नाही, आणि हा निर्णय गिऱ्हाइकावर सोडता कामा नये.

तरीही मी या दुकानाला पाचपैकी साडेचार गुण देते. सुंडबॅकने चेनीबरोबर ती बनवणारे यंत्रही तयार केले होते, जे वाय आकाराच्या तारेचे तुकडे पाडून, त्यांना खळगा देऊन, थेट पट्टीवर आवळत असे; त्या यंत्रामुळेच ही वस्तू स्वस्त झाली, पहिल्या महायुद्धाच्या काळात खलाशांच्या पैशांच्या पट्ट्यांना लागली, आणि पुढे १९२३ साली गुडरिच कंपनीने आपल्या रबरी बुटांना लावून तिला 'झिपर' हे नाव दिले. इतकी विचारपूर्वक घडवलेली रचना, जिचा झिजणारा भाग बाकीच्या भागांपासून पाच मिनिटांत वेगळा करता येतो, ती आपण केवळ तपासण्याचा कंटाळा म्हणून कचऱ्यात टाकतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. बर्डीतील काका ती तपासतात. दात्यांवरून नख फिरवण्याचा तो अर्धा मिनिट ते कोणत्याही गिऱ्हाइकासाठी, दहा रुपयांच्या कामासाठीही, सोडत नाहीत.

दुकान साधारण अकराला उघडते आणि रात्री आठपर्यंत चालू असते. दुपारी दोन ते तीन काका जेवायला जातात. जाताना बॅग रिकामी करून न्यावी आणि तुटलेला रनर सापडला असेल तर तो फेकू नये, कारण त्याच्या पाठीवरच्या नंबरावरून नवा लगेच काढता येतो. माझ्या घरी गादीच्या खोळीची चेन गेल्या दिवाळीपासून अडकते आहे. रनर उलटा करून पाहिला, नंबर ५ आहे, आणि दाते नखाने तपासले तर सगळे जागेवर आहेत. शनिवारी ती खोळ घेऊन जाणार आहे.