स्ट्रेस मोजणारं घड्याळ: आठ महिने मनगटावर बांधून झाल्यावर

सुरुवातीलाच सांगते, हे स्मार्टवॉच मी पावलं मोजायला घेतलं नव्हतं. कॉल उचलायला, मेसेज बघायला पण नाही, त्यासाठी फोन होताच. घेतलं ते फक्त स्ट्रेस मॉनिटरसाठी, म्हणजे ० ते १०० मधला एक आकडा जो दिवसभर आपोआप मोजला जातो. आणि कारण माझा राग. गेली दोनेक वर्षं माझं असं झालं होतं की ऑफिसमध्ये तोंडातून ब्र काढायचा नाही आणि घरी येऊन चार्जर जागेवर नाही म्हणून घर डोक्यावर घ्यायचं. एकदा नववीतली मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "आई, तू आलीस की आम्ही आधी तुझ्या पर्सचा आवाज ऐकतो, ठेवलीस की आपटलीस, मग ठरवतो बाहेर यायचं की नाही." लागलं ते मला. रात्रभर झोप नाही. मग डोक्यात आलं की राग चढायच्या आधी कोणी सांगितलं तर आपण थांबू, आता माणसाने सांगितलं तर त्याच्यावरच खेकसणार, मशीनने सांगितलं तर निदान भांडता येणार नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. नवऱ्याचं घड्याळ दुसऱ्या कंपनीचं आहे, त्यालाही यातलं बरंचसं लागू होतं, त्यामुळे एकालाच कशाला झोडपायचं.

तर आधी हे मोजतं काय ते समजून घ्या, मला कळायला दोन महिने लागले आणि तोवर मी त्या आकड्याला देव मानून बसले होते. मागे ते हिरवे लाइट चमकतात ना, रक्त तो हिरवा प्रकाश शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं तसा परत येणारा प्रकाश बदलतो, त्यावरून ठोके कळतात. आता मिनिटाला ६० ठोके म्हणजे बरोब्बर सेकंदाला एक असं नसतं, एखादा ०.९ सेकंदाने येतो, एखादा १.१ ने, आणि हे असं पुढे-मागे असणंच चांगलं. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद, सोडताना किंचित हळू, निवांत असलो की हा फरक जास्त दिसतो, आणि शरीर मारू का पळू या तयारीत गेलं की ठोके एकसारखे पडायला लागतात. याला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात, अ‍ॅपमध्ये एचआरव्ही लिहिलेलं असतं. घड्याळ बघतंय ते या ठोक्यांमधल्या अंतराकडे, त्यावरून स्ट्रेसचा अंदाज बांधतंय, बस. तुम्ही कोणावर चिडलात, का चिडलात, की चिडलातच नाही, हे त्याच्या गावीही नसतं.

म्हणून मग मजा होते. महिन्यातला माझा सगळ्यात मोठा आकडा, ८८, कधी आला माहितीये? मुलीच्या शाळेच्या नाटकात, ती पहिलं वाक्य म्हणायला पुढे आली तेव्हा. इतकी खूश मी वर्षभरात झाले नसेन आणि हे येडं लालेलाल. शरीराला आनंदाची धडधड आणि भीतीची धडधड बऱ्यापैकी सारखीच. ताप आला, पाळी जवळ आली, झोप कमी झाली, आकडा वर. आणि ज्या दिवशी घरात खरंखुरं महाभारत झालं त्या संध्याकाळचा ग्राफ उघडून बघितला तर तिथे चक्क मोकळी जागा! रीडिंगच नाही. कारण मी भांडताना हातवारे करते, आणि मनगट सतत हलत असलं की सेन्सरला नीट दिसत नाही, मग ते मोजणंच सोडून देतं. म्हणजे ज्या वीस मिनिटांसाठी घड्याळ घेतलं तेवढीच वीस मिनिटं गायब.

अलर्टचा किस्सा तर विचारू नका. आकडा काही मिनिटं सलग वर राहिला तर ते मनगटावर गुरगुरतं आणि स्क्रीनवर येतं, थोडा वेळ श्वासाकडे लक्ष द्या. काही मिनिटं, सलग! माझा राग पाचव्या सेकंदाला तोंडातून बाहेर पडलेला असतो हो. एकदा नवऱ्याशी एका बिलावरून वाजलं होतं, तो म्हणत होता भरलं, मी म्हणत होते नाही, मी हाताची घडी घालून उभी म्हणून बहुतेक त्याला रीडिंग मिळालं असावं, ऐन मध्यात घड्याळ गुरगुरलं. तो म्हणाला, "बघ, त्यालाही कळलं." आतून मुलगी ओरडली, "बाबा, नको!" पुढचं लिहीत नाही. बिल भरलेलं होतं, ते एक राहिलं सांगायचं.

त्या रात्री मी ऑटो अलर्ट बंद केला आणि या घड्याळाचा खरा उपयोग तिथून सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

कारण यात श्वासाचा एक प्रोग्रॅम आहे आणि तो खरंच चांगला बनवलाय, पाचपैकी पाच त्याला. बाजूचं बटण दाबून धरलं की सुरू होतो. आधी त्यात डीफॉल्ट होतं ४ सेकंद आत, ४ थांबा, ४ बाहेर, ४ थांबा, मला ते थांबणं अजिबात झेपत नाही, कोंडल्यासारखं होतं. सेटिंग बदलून ४ आत आणि ६ बाहेर केलं. १० सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला ६. सगळी किमया सोडण्यात आहे, वर म्हटलं तसं श्वास सोडताना ठोके आपोआप मंदावतात, तर सोडणं लांबवलं की शरीराला आपण तेवढा जास्त वेळ ब्रेकवर ठेवतो. आणि हे घड्याळ स्क्रीनकडे बघायला लावत नाही, आत घेताना व्हायब्रेशन हळूहळू वाढतं, सोडताना विरत जातं. मीटिंगमध्ये टेबलाखाली हात ठेवून केलंय मी हे, समोरचा माझ्या प्रेझेंटेशनची चिरफाड करत असताना, कोणाला पत्ता लागला नाही. राग जातो का? नाही जात. पण आवाज अर्धा होतो, आणि माझा प्रॉब्लेम आवाजच होता. आता घरी यायच्या आधी जिन्यात ३ मिनिटं थांबते, शेजारच्या काकू दोनदा विचारून गेल्या किल्ली हरवली का म्हणून.

अ‍ॅपमध्ये एक गेम पण आहे, राग काढा नावाचा, स्क्रीनवर वस्तू येतात, त्या टॅप करून फोडायच्या, काचेचा आवाज बिवाज. हा प्लीज वापरू नका. मला वाटायचं आत साठवण्यापेक्षा बाहेर काढलेलं बरं, सगळ्यांनाच वाटतं, मी तर दारं आपटून तेच करत होते ना इतकी वर्षं. मग वाचलं की ब्रॅड बुशमन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा २००२ चा प्रयोग आहे यावर, लोकांना आधी चिडवलं, मग काहींना पंचिंग बॅगवर गुद्दे मारायला दिले आणि चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत मारा म्हणून सांगितलं, काहींना नुसतं बसवून ठेवलं. जे त्या माणसाला आठवून हाणत होते ते सगळ्यात जास्त भडकलेले निघाले, नुसते बसलेले सगळ्यात कमी आक्रमक. मी स्वतःवर करून बघितलं, गेम खेळून झाल्यावर मला आणखी दोन जुनी भांडणं आठवली, एक तर माझ्या नणंदेच्या लग्नातलं. डिलीट.

आता जिथे हे घड्याळ मला सगळ्यात जास्त खटकलं तिथे येते, आणि कोणी उदास वाटतं म्हणून घ्यायचा विचार करत असेल तर एवढा भाग तरी वाचा. मधे दीड-दोन महिने माझं मन पार बसलं होतं. राग पण येत नव्हता, काहीच येत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी पलंगावरून सोफ्यावर, संध्याकाळी सोफ्यावरून पलंगावर. कोणाचा फोन घ्यायचा नाही, डोकं धुवायचं म्हटलं तरी डोंगर. आणि त्या दिवसांत घड्याळ मला काय दाखवत होतं? हिरवं. स्ट्रेस १९. रात्री मेसेज, वा, आज तुम्ही छान आराम केलात! एका आठवड्याला तर बॅज दिला, सर्वात शांत आठवडा म्हणून, तो अजून अ‍ॅपमध्ये आहे, काढता येत नाही. दिवसभर पडून राहिलेल्या माणसाचे ठोके शांत असणारच ना. धावपळ करणारी, धडधडणारी बाई त्याला आजारी वाटते आणि खचून पडलेली बाई ठणठणीत. मी मात्र इतके दिवस त्या आकड्यावर विसंबलेली, त्यामुळे मला खरंच वाटायला लागलं की मशीन म्हणतंय ठीक आहे म्हणजे मीच नाटकं करतेय.

शेवटी काउन्सेलरकडे गेले. त्यांनी घड्याळाकडे बघितलंही नाही. विचारलं की किती दिवस, बहुतेक रोज का, आधी जे आवडायचं ते आता आवडतं का, झोप, भूक, आणि दोन आठवड्यांच्या वर चाललंय तर अंगावर काढायचं नाही हे स्पष्ट सांगितलं. मग जे करायला सांगितलं ते ऐकून मला हसूच आलं. मूड आला की करेन म्हणू नका, आधी करा, मूड मागून येईल. रोज एक गोष्ट, ठरलेल्या वेळी, लाज वाटेल इतकी छोटी. माझी पहिली गोष्ट होती खिडकीचा पडदा सरकवणे. दुसऱ्या आठवड्यात खाली जाऊन गेटपर्यंत चालून परत. याला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात म्हणे, पद्धत जुनी आहे, गंभीर डिप्रेशनमध्येही वापरतात. मला लगेच काही फरक पडला नाही, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा मी गेटच्या पुढे वळून गेले आणि परत आल्यावर लक्षात आलं की आज आपण वळलो. आणि बघा, चालायला लागले तसे घड्याळाचे आकडे खराब झाले.

झोपेचा स्कोअर, तोही बंद केलाय. सकाळी छान जाग यायची, अंग हलकं, मग ५८ दिसायचे आणि त्या क्षणापासून मी थकलेली. झोपेचे आकडे परफेक्ट करायच्या नादात झोप उडणं याला ऑर्थोसोम्निया असं नावच दिलंय २०१७ मध्ये संशोधकांनी, म्हणजे माझ्यासारखे बरेच असणार. मनगटावरून झोप किती खोल ते अंदाजानेच कळतं, त्यासाठी उठल्या उठल्या स्वतःला नापास कशाला करायचं.

मूडसाठी अ‍ॅपमध्ये पाच चेहरे आहेत, रोज एक टॅप करायचा. मी एकवीस दिवस मधला चेहरा टॅप केला कारण तो अंगठ्याजवळ येतो. त्यापेक्षा मुलीची जुनी अर्धी वही कामाला आली. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली एक अभ्यास छापला होता, लोकांना रोज १५ मिनिटं, ४ दिवस, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं होतं, लिहिल्या लिहिल्या त्यांना उलट वाईट वाटलं पण पुढच्या महिन्यांत आजारपणासाठी त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. ते वाईट वाटणं खरंय, मी पहिल्या दिवशी रडून वही फेकली होती. चौथ्या दिवशी लिहिताना कळलं की मी चार्जरवरून चिडतच नव्हते, ऑफिसमध्ये माझं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं होतं आणि मी तेव्हा "ठीक आहे" म्हणाले होते. हे कुठल्या सेन्सरला कळणार. आपल्याला नक्की काय होतंय त्याला नाव देता आलं की जोर थोडा ओसरतो, चीड वेगळी, अपमान वेगळा, दमणं वेगळं. मी सगळ्याला टेन्शन म्हणायचे.

बाकी पटापट. बॅटरी सांगतात ७ दिवस, स्ट्रेस सतत मोजायला ठेवला तर ४ सुद्धा जेमतेम. स्ट्रॅप रबरी, घामाने पुरळ आली, रोज काढून पुसायला लागते. अ‍ॅपमध्ये अर्धी माहिती जास्तीच्या सबस्क्रिप्शनमागे लपवलीय आणि ते घ्या म्हणून दर दोन दिवसांनी नोटिफिकेशन, स्ट्रेस कमी करायच्या अ‍ॅपने! पावलं बरोबर मोजतं. कस्टमर केअरला बॅज काढून द्या म्हणून तीनदा लिहिलं, तीनदा अभिनंदनाचा मेल आला.

माझ्याकडून पाचपैकी अडीच, त्यातले दोन एकट्या श्वासाच्या बटणाचे. चिडका स्वभाव असेल आणि थांबायला काहीतरी हाताशी हवं असेल तर घ्या, पण आकडा लपवून ठेवा, सेटिंगमध्ये ती सोय आहे. मन उदास राहतंय म्हणून घेत असाल तर नका घेऊ, आधी माणसाकडे जा.

गेल्या आठवड्यात स्ट्रॅप तुटलाच. नवीन मागवलेला नाही. घड्याळ पर्सच्या आतल्या कप्प्यात असतं, जिन्यात थांबले की बाहेर काढून मुठीत धरते, व्हायब्रेशन तसंही कळतं. काल काकूंनी परत विचारलं, "सापडली का गं किल्ली?"