लाकडासाठी चार इंची कटर घ्यावा की सात इंची सर्क्युलर सॉ?

नागपुरात फर्निचरचं काम चालू असलेल्या कुठल्याही फ्लॅटमध्ये डोकावलं, तर मिस्त्रीच्या हातात चार इंची कटर दिसतो. मूळ मशीन दगड आणि टाइल कापण्यासाठी बनलेलं असतं. त्याला दातांचं ब्लेड लावलं की प्लायही कापला जातो, म्हणून सुतारकामात त्याने घर केलं. इतवारीच्या बाजारात दुसरं मशीन बघायला गेलेल्या माणसाला मग साहजिक प्रश्न पडतो, की हेच काम होत असेल तर सात इंची सर्क्युलर सॉसाठी, म्हणजे लाकडासाठीच बनलेल्या गोल ब्लेडच्या करवतीसाठी, साधारण दुप्पट पैसे का मोजायचे? मी दोन्ही वापरतो आणि लाकडासाठी शेवटी सॉकडे वळलो. पण कटरची बाजू लंगडी नाही, म्हणून आधी तीच सांगतो.

कटर हलका आहे. एका हातात मावतो, तयार कपाटाच्या आत शिरतो, भिंतीलगत उभा धरता येतो. १९ मिमीच्या प्लायमधून तो सहज जातो. ब्लेड कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, मोटरचे कार्बन ब्रशसुद्धा. कापाची रुंदी जेमतेम दोन मिमी, त्यामुळे सनमायका लावलेल्या पट्ट्यांत माल कमी वाया जातो. दिवसभर फक्त प्लाय आणि सनमायका कापणाऱ्या, चौथ्या मजल्यावर सामान खांद्यावरून नेणाऱ्या माणसाला साडेतीन-चार किलोची सॉ घे म्हणून सांगणं सोपं नाही, हे मला मान्य आहे.

अडचण जाडीपासून सुरू होते. चार इंची ब्लेड ३२ ते ३४ मिमीपर्यंतच उतरतं. दाराची सागवानी चौकट पाच बाय अडीच इंचाची, म्हणजे जाडी साडेत्रेसष्ट मिमी. कटरने ती एका बाजूने अर्धी कापायची, उलटायची, दुसऱ्या बाजूने उरलेली कापायची. दोन्ही काप समोरासमोर येत नाहीत, मध्ये पायरी राहते आणि ती रंध्याने काढत बसावं लागतं. दुसऱ्या कापाच्या शेवटी तुकडा सुटताना ब्लेडवर मिटतो, हा त्यातला खरा धोका. सॉ सरळ उभी धरली की सुमारे ६५ मिमी उतरते. चौकट जेमतेम पार होते, पण एका चालीत होते.

आता वेग. चार इंची कटर मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, सॉ ५,००० च्या. हिशोब केला तर ११० मिमी ब्लेडची कड ताशी सुमारे २५० किमीने जाते आणि १८५ मिमी ब्लेडची १७५ ने. छोटं मशीन म्हणजे कमी धोका, ही समजूत इथे उलटी पडते. शिवाय अशा कटरच्या माहितीपत्रकात साधारणपणे स्पष्ट छापलेलं असतं, की याला दातांचं ब्लेड लावू नका, मशीन वारंवार अंगावर येईल आणि ताबा सुटेल. ही सूचना नुसती कायदेशीर काळजी म्हणून लिहिलेली नाही. हिऱ्याची चकती दगड घासत जाते. दात लाकूड ओरबाडतात आणि एखादा दात रुतला तर ती सगळी ताकद मशीनला मागे फेकते. अँगल ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावण्याबद्दल तर तुलनासुद्धा करायला नको. त्याला बेस प्लेटच, म्हणजे लाकडावर टेकणारी सपाट पट्टीच नसते, त्यामुळे ब्लेड वाकडं होण्यापासून अडवणारं काहीच उरत नाही. ते लावूच नका.

हे सगळं असूनही माझा निर्णय यातल्या कशानेच झाला नाही. निर्णय झाला तो काप संपल्यानंतरच्या काही सेकंदांमुळे.

कटरचा वरचा गार्ड पक्का बसवलेला असतो, खालचा अर्धा भाग कायम उघडा. काप पूर्ण झाला, स्विच बंद केला, तरी ब्लेड लगेच थांबत नाही. तेवढा वेळ मशीन हातात अधांतरी धरून उभं राहावं लागतं. खाली ठेवलं तर दात फरशीला किंवा प्लायला लागतात आणि मशीन स्वतःहून पळतं. ते बहुतेक आपल्याच पायाकडे किंवा स्वतःच्याच वायरकडे जातं. त्याच क्षणी कापलेला तुकडा घसरत असतो, दुसरा हात तो सावरायला जातो, भुसा डोळ्यांसमोर असतो. एकदा झालं तर माणूस सावध राहील. पण प्लायच्या कामात हे दिवसभर, प्रत्येक कापानंतर होतं, आणि दुपारनंतर लक्ष पातळ व्हायला लागतं. भरीला बहुतेक कटरांच्या स्विचला लॉकचं बटण असतं. बोट दुखू नये म्हणून ते दाबून ठेवायची सवय लागते, आणि झटका बसून मशीन हातातून सुटलं तरी ते फिरतच राहतं.

सॉचा खालचा गार्ड स्प्रिंगवर असतो. लाकडात शिरताना तो मागे सरकतो, बाहेर पडताच ब्लेडवर मिटतो. चांगल्या सॉच्या स्विचची सोयही उलटी असते. आधी सुरक्षा बटण दाबल्याशिवाय ट्रिगर दबत नाही आणि बोट सुटलं की वीज तुटते. हँडल दोन असल्यामुळे दोन्ही हात मशीनवर गुंतलेले राहतात, तुकडा धरायला मोकळा हातच उरत नाही. सुरुवातीला हे अडचणीचं वाटतं, कारण मग लाकूड शिकंज्याने बांधावंच लागतं. मला विचाराल तर सॉचा सगळ्यात मोठा फायदा हाच. मशीन आपल्याला बांधायला लावतं.

अर्थात गार्ड चालत असेल तरच. सागवानाची चिकट पूड आणि सनमायक्याच्या रबरी गोंदाचे शिंतोडे गार्डच्या खाचेत साचले की तो अर्ध्यावर अडकतो. पावसाळ्यात जास्तच. रोज काम सुरू करताना, प्लग काढून, गार्ड लिव्हरने पूर्ण मागे ओढा आणि सोडा. तो टक्कन मिटला पाहिजे. रेंगाळला तर कोरड्या ब्रशने खाच साफ करा. तेल घालू नका, तेलावर भुसा बसून लगदा होतो. बारीक पट्टी कापताना गार्ड मध्ये येतो म्हणून त्याला तार बांधून किंवा पाचर मारून उघडा ठेवणारे बरेच आहेत. तसं करायचं असेल तर सॉवर जास्तीचे पैसे घालवू नका. बांधलेल्या गार्डची सॉ हा मोठ्या ब्लेडचा कटरच.

सॉ अंगावर येत नाही, असं मात्र समजू नका. वजन जास्त असल्यामुळे तिचा झटका काही सौम्य नसतो. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, काप मिटून ब्लेड चिमटीत सापडणं. आठ बाय चारचा प्लाय दोन टोकांना दोन स्टुलांवर ठेवला आणि मधून कापला, की तो मध्ये झुकतो आणि कापाचं तोंड वरून बंद होतं. उपाय साधा आहे. खाली चार बॅटन, म्हणजे लाकडी पट्ट्या टाका, त्यातले दोन कापाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, वीतभर अंतराच्या आत. किंवा फरशीवर दोन इंची थर्माकोल पसरून त्यावर प्लाय आडवा ठेवा, तुकडा पडायचा प्रश्नच येत नाही. ब्लेडची खोली प्लायच्या जाडीपेक्षा तीन ते सहा मिमीच जास्त ठेवा. १९ मिमीला २२ ते २५ पुरे. पूर्ण खोलीवर ब्लेड सोडलं तर जास्त दात बाहेर राहतात आणि झटकाही जास्त बसतो. उभं राहायचं ते ब्लेडच्या रेषेत नव्हे, बाजूला. मशीन मध्येच अडलं तर बोट सोडा आणि ब्लेड थांबेपर्यंत सॉ जागेवरच धरून ठेवा. फिरतं ब्लेड वर ओढलं की नेमका तेव्हाच झटका बसतो.

सागवानाचं थोडं वेगळं आहे. लकडगंजमधून आणलेली फळी नीट वाळलेली नसेल, तर लांबीत चिरताना आतला ताण सुटतो आणि काप ब्लेडच्या मागे मिटत जातो. फूटभर कापून झालं की मशीन बंद करा आणि मागच्या कापात लाकडाची पातळ पाचर सरकवा, मग पुढे चला. काही सॉंना ब्लेडच्या मागे हेच काम करणारी स्थिर पाती असते. दोन मॉडेलांत अडकला असाल तर ती असलेलं घ्या. सागवानात सिलिका असते, त्यामुळे दात लवकर बोथट होतात. कापाच्या कडा काळवंडू लागल्या किंवा सॉ ढकलायला जोर लागू लागला की ब्लेड धारेला द्या. लांबीत चिरायला २४ दाती, प्लायला ४०, सनमायका लावलेल्या प्लायला ६०. दात खालून वर येतात, म्हणून चांगली बाजू खाली ठेवून कापायचं, वरची कड थोडी तडकते.

ब्लेड घेताना त्यावर छापलेला कमाल वेग बघा, तो मशीनच्या वेगापेक्षा जास्तच हवा. कटरचा गार्ड काढून त्यात पाच इंची किंवा मोठं ब्लेड बसवण्याचा प्रकार इथेही चालतो. मोठ्या ब्लेडवर साधारण सात-आठ हजार फेऱ्यांची मर्यादा असते आणि कटर बारा हजारांनी फिरतो, म्हणजे कार्बाइडचे दात सुटून उडायची पूर्ण तयारी. ब्लेडचं भोक आणि मशीनचा दांडा यांचं माप तंतोतंत जुळलं पाहिजे. कागदाची घडी किंवा तारेचं वेटोळं घालून बसवलेलं ब्लेड मध्यात राहत नाही.

विजेच्या बाबतीत दोघांत फारसा फरक नाही, पण आपल्या उन्हाळ्यात दोघांनाही जपावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, प्रत्येक घरात कूलर चालू असतो, दुपारी व्होल्टेज पडतं. ब्लेडचा वेग कमी होतो, हात नकळत जोर लावतो, ब्लेड अडकतं आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, तापतं. अशा वेळी सावकाश ढकला किंवा काम सकाळी उरका. १,४०० वॅटची सॉ सहा अँपिअर घेते, सुरू होताना त्याहून बरीच जास्त. एक्स्टेंशनला दीड चौरस मिमी तांब्याची वायर घ्या, लांब न्यायची असेल तर अडीच. रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर उन्हाळ्यात आतून शिजते. कूलरखालच्या ओल्या फरशीवर बोर्ड ठेवू नका, आणि बोर्डाच्या आधी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, असूद्या. दोन पिनांच्या मशीनला अर्थिंग नसलं तरी कापलेल्या वायरपासून तो वाचवतो.

चष्मा, कानाला संरक्षण, एन-९५ मास्क दोन्ही मशीनांना सारखेच लागतात. लाकडाची पूड कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलं आहे, त्यामुळे नाकाला रुमाल बांधून भागत नाही. उन्हाचा दुपट्टा मशीनजवळ काढून ठेवा, त्याचं लोंबणारं टोक ब्लेडमध्ये जातं. सैल सुती हातमोजेही नकोत.

उलटा करून टेबलाखाली बसवायला मशीन बघत असाल, तर त्यासाठी कटरही नको आणि सॉही नको. स्विच टेपने बांधून ठेवायचा, गार्ड काढायचा, ब्लेडमागे पाती नाही आणि लाकूड बोटांनी ढकलायचं, असं ते टेबल असतं. त्या कामाला टेबल सॉच घ्या, आणि वीतभरापेक्षा अरुंद पट्टी ढकलायला काठी वापरा.

काम निव्वळ तयार प्लाय आणि सनमायक्याचं असेल, हातात आधीच चांगला कटर असेल, तर लगेच खर्च करा असं मी म्हणणार नाही. पण मग लॉकचं बटण वापरू नका, लाकूड शिकंज्याने बांधा, दोन्ही हातांनी धरा आणि शेजारी लाकडाचा खाचेचा ठोकळा ठेवा. ब्लेड थांबल्यावर मशीन त्यात टेकवायचं. चौकटी, सागवानी फळ्या किंवा घरचं पहिलंच मशीन असेल, तर माझा कौल सॉला. दुकानात बॉक्स उघडून घ्या, गार्ड पाच-सहा वेळा ओढून सोडा, ब्लेड हाताने फिरवून ते बेस प्लेटच्या कडेला समांतर आहे का ते गुण्या लावून बघा. सुरक्षा बटणापर्यंत तुमचा अंगठा सहज पोचतो का, तेही तिथेच तपासा. मोठी मूठ असलेल्या काही सॉंवर तो पोचत नाही, आणि मग ते बटण टेपने दाबून ठेवायचा मोह होतो.