कोडिंग ऑनलाइन शिकायचंय: व्हिडिओ, लाइव्ह बॅच की ब्राउझरमधला सराव?

भंवरकुआ या कोचिंगच्या भागात क्लास लावायचा की घरीच ऑनलाइन शिकायचं, हा प्रश्न इंदूरच्या मराठी घरांत बारावीनंतर निघतोच. ऑनलाइन ठरलं, तर फी आणि सर्टिफिकेट नंतर बघा. आधी एवढंच विचारा: कोड अडला, तर सोडवायला कोण आहे?

रेकॉर्डेड व्हिडिओत कोणीच नसतं. उदाहरणार्थ, विंडोजवर पायथन ही कोडिंगची भाषा तिच्या स्वतंत्र इन्स्टॉलरनं टाकताना पहिल्याच खिडकीत तळाशी 'पाथ'चा (पायथन कुठे आहे हे विंडोजला सांगणारा) चौकोन असतो. त्यावर टिक करायची राहिली, की कमांड प्रॉम्प्टवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) पायथन लिहूनही ते सुरू होत नाही; कधी उलट मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडतं. शिकवणाऱ्याच्या मशीनवर सगळं आधीच बसवलेलं, त्यामुळे तो यावर चकार शब्द काढत नाही. व्हिडिओत 'प्रिंट'पुढे कंस नसेल, तर तो जुन्या पायथन २ चा आहे, सोडून द्या. त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला.

व्हिडिओच हवे असतील, तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा. साधारण १० मिनिटांचे, फुकट, आणि बरेचसे हिंदी-मराठीतही. घरी मराठी आणि शाळेत हिंदी असलेल्या मुलांना हे सोयीचं. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर आपला कोड. दर दोन मिनिटांनी थांबवून स्वतः टाइप करायचं. नुसतं बघून 'समजलं' वाटतं, ते खरं नसतं.

शिस्त लागत नसेल, तर एनपीटीईएल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन कोर्स. कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे. शिकणं मोफत, परीक्षेची फी वेगळी आणि परीक्षा केंद्रावर जाऊन. अंतिम गुणांत सहसा असाइनमेंटचे २५ टक्के, परीक्षेचे ७५. दर आठवड्याला असाइनमेंटची तारीख ठरलेली, हाच खरा फायदा.

लाइव्ह बॅचमध्ये शंका तिथल्या तिथे सुटते, पण बॅच २०-२५ जणांची असली तरच. दोनशे जणांत तुमचा प्रश्न चॅटमध्ये वाहून जातो. 'सोपे हप्ते' म्हणजे पुष्कळदा फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज. क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही. सही करण्याआधी परताव्याची अट लेखी घ्या.

अगदी नवख्यानं मात्र फ्रीकोडकॅम्पसारख्या वेबसाइटवर, ब्राउझरमध्येच कोड लिहायच्या सरावानं सुरुवात करावी. काही इन्स्टॉल करायला नको, चूक लगेच दिसते. पण तिथे अर्धा कोड आधीच लिहिलेला असतो. म्हणून दोन आठवड्यांनी रिकामी फाइल उघडा आणि घरच्या किराण्याचा हिशोब करणारा छोटा प्रोग्रॅम लिहून बघा. जिथे अडाल, तेवढ्याचाच व्हिडिओ शोधा.