बंद खोलीत मी धडा वाचत होते आणि बाहेर खातं रिकामं होत होतं

गेली चार वर्षं मी अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं घरी वाचून रेकॉर्ड करते. स्टुडिओ म्हणजे आमची मागची झोपायची खोली. भिंतींना आईच्या हातच्या गोधड्या टांगल्या आहेत, आवाज घुमू नये म्हणून. कॉम्प्युटर मात्र हॉलमध्ये आहे, कारण त्याचा पंखा जवळ असला की प्रत्येक वाक्याखाली त्याची घरघर येते. माइकची केबल दाराखालून बाहेर नेली आहे. अडचण एकच: एखादा शब्द चुकला की उठायचं, दार उघडायचं, हॉलमध्ये जाऊन रेकॉर्डिंग थांबवायचं, पुन्हा सुरू करायचं आणि धापा टाकत परत माइकसमोर बसायचं. पाच पानांच्या धड्याला अशा तीस खेपा होत. गुडघे बोलायला लागले.

म्हणून खोलीतूनच मोबाइलवरून कॉम्प्युटर चालवता यावा असं मनात आलं. विंडोजमध्येच तशी सोय असते असं ऐकलं होतं. पण माझ्याकडे विंडोजची होम आवृत्ती आहे, आणि बाहेरून ताबा घ्यायला त्यात परवानगी नसते. तासभर झटापट करून कंटाळले आणि इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधला. सगळ्यात वर एक नंबर दिसला. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलं होतं, म्हणजे पैसे भरून लावलेली जाहिरात. ते मी वाचलंच नाही.

फोन उचलणारा मुलगा आधी हिंदीत बोलला, मग माझं हिंदी ऐकून मराठीवर आला. “ताई, दोन मिनिटांचं काम आहे.” दुरून कॉम्प्युटर चालवायचं एक ॲप त्याने कॉम्प्युटरवर घ्यायला लावलं आणि तेच मोबाइलवरही. इथे मला शंका यायला हवी होती, पण मला मोबाइलवरूनच कॉम्प्युटर चालवायचा होता. दोन्हीकडे ॲप लागणार हे मला अगदी पटलं. माझी गरजच त्याच्या कामी आली. त्याने ॲपवर दिसणारे आकडी क्रमांक विचारले, मी वाचून दाखवले. परवानग्या मागणाऱ्या खिडक्या आल्या, मी ‘हो’ म्हणत गेले.

मग नोंदणीचे १० रुपये. डेबिट कार्डाने भरायचे, कॉम्प्युटरवरच. मी नंबर, मुदत, मागचे तीन आकडे असं सगळं भरलं. तो समोर बसल्यासारखा हे पाहत होता, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

“आता टेस्ट करू ताई. तुम्ही आत जा, दार लावा आणि दहा मिनिटं न थांबता वाचा. मी इथून रेकॉर्ड चालू करतो. मोबाइल जवळच ठेवा, पण पालथा. सेटिंग चालू आहे, हात लावू नका.” माझ्या डोळ्यांदेखत कॉम्प्युटरवरचं लाल बटण आपोआप दाबलं गेलं आणि रेघा पळायला लागल्या. इतका आनंद झाला मला! आत जाऊन सहावीच्या इतिहासातला हडप्पा संस्कृतीचा धडा उघडला.

ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचं वाक्य त्यात मी तीनदा वाचलं आहे, कारण दर वेळी मध्येच पालथा मोबाइल टेबलावर थरथरला आणि मला वाटलं, टेक खराब झाला. एकंदर पाच वेळा थरथरला. ओटीपी, पैसे गेल्याचा मेसेज, पुन्हा ओटीपी, पुन्हा पैसे गेल्याचा मेसेज, आणि तिसरा ओटीपी. त्या वेळी कार्डाची दिवसाची मर्यादा आडवी आली. तोवर ४८,५०० आणि ३७,२०० रुपये गेले होते. मी ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता. सांगायची गरजच नव्हती, माझ्या मोबाइलची स्क्रीन त्याला दिसत होती.

बाहेर आले तर कॉम्प्युटरची स्क्रीन काळी. घाबरून मी त्यालाच परत फोन लावत बसले, आणि त्यात चाळीस मिनिटं गेली. ती चूक तुम्ही करू नका. आधी वायफायच्या डब्याची पिन उपटा, मोबाइलचं नेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड बंद करा आणि लगेच १९३० ला फोन करा. सायबर फसवणुकीसाठी तो सरकारी नंबर आहे. पैसे पुढे काढले जाण्याआधी तक्रार पोचली तर ते अडवता येतात. माझे ३७,२०० एका वॉलेटमध्ये अडकले होते, ते परत मिळाले. ४८,५०० गेले ते गेलेच. बँकेतल्या बाईंनी रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक काढून दाखवलं: ग्राहकाच्या हातून माहिती बाहेर गेली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. अशा ॲपमधून होणाऱ्या चोरीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं, हेही तेव्हाच समजलं.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते पुढेच. आठवड्याने भाचा आला. म्हणाला, “मावशी, यासाठी बाहेरचं कुणी लागतच नाही गं.” मी रीपर नावाच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करते. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, कंट्रोल सरफेसच्या (सॉफ्टवेअर दुरून चालवायच्या साधनांच्या) यादीत ‘वेब ब्राउझर इंटरफेस’ म्हणून एक सोय आधीपासूनच आहे. ती जोडली की एक पत्ता मिळतो. घरच्याच वायफायवर असलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की प्ले, स्टॉप, रेकॉर्डची बटणं समोर येतात. ना ॲप, ना खातं, ना फी. घराबाहेरच्या कुणाला त्यात शिरायची वाट द्यावी लागत नाही. मोबाइल नको असेल, तर बिनतारी कीबोर्ड आत नेऊन कंट्रोल आणि आर दाबलं तरी रेकॉर्ड सुरू होतं. आमच्याकडे भिंतीपलीकडून तो नीट चालतो. भाच्याला लागली दहा मिनिटं.

त्याने दोन्हीकडचं ते ॲप काढलं, कॉम्प्युटर पुसून विंडोज नव्याने टाकलं आणि ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलून घेतले. हडप्पाचं रेकॉर्डिंग त्याआधी पेनड्राइव्हवर काढून पोलिसांना दिलं. कोणता मेसेज कितव्या मिनिटाला आला ते त्यात ऐकू येतं, आणि साहेबांनी ते एकेक करून उतरून घेतलं.

त्या जाहिरातीचीही तक्रार केली. तो नंबर तिथून गेला. परवा पुन्हा तेच शब्द टाकून पाहिलं, तर त्याच जागी दुसरा नंबर होता.