गेटवे–घारापुरी लाँच: लेण्यांसाठी चोख, मोराबंदरासाठी तोकडी

लाँचसेवेबद्दल तक्रार नाही. गेटवेहून सकाळी नवाच्या सुमारास पहिली सुटते आणि तासाभरात घारापुरीच्या धक्क्याला लागते. जातायेताचं तिकीट एकदमच मिळतं, ते जपून ठेवा. वरच्या मजल्यावर बसायचे जादा पैसे घेतात. उन्हाळ्यात खालीच बरं. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या ऐनवेळी रद्द होतात.

रोमन व्यापाराच्या खुणा बघायच्या असतील, तर मात्र ही नेहमीची सहल पुरी पडत नाही. धक्क्यावरचे गाईड बहुधा लेण्यांतून थेट तोफांच्या टेकडीवर नेतात. त्या तोफा ब्रिटिशांच्या! खरी जागा बेटाच्या ईशान्येचं मोराबंदर. तिथल्या उत्खननात विटांची बांधकामं आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या अँफोरांची, म्हणजे दारू-तेल वाहून नेणाऱ्या मातीच्या रांजणांची, खापरं सापडली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ हे ग्रीक भाषेतलं सागरी व्यापाराचं मार्गदर्शक पुस्तक सांगतं, की कल्याण बंदरात व्यापाराला अडथळा होता. तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत. त्या कल्याणच्या वाटेवरचं हे बेट.

खापर ओळखताना गफलत होते, ती इथेच. अँफोराला दोन कान असतात आणि बूड निमुळतं, म्हणजे जहाजाच्या तळात एकावर एक रचता येतं. इटलीच्या कंपानियातल्या मातीत काळी ज्वालामुखी वाळू चमकते. भिंगातून मिऱ्याची पूड भुरभुरल्यासारखी दिसते. आत काळा थर दिसला की लगेच ‘रोमन’ म्हणू नका. इराणी आखाताकडचे टॉर्पेडो रांजणही आतून डांबराने लिंपलेले असतात. त्यांना कान नसतात आणि त्यांतले बरेचसे नंतरच्या काळातले. किनाऱ्यावरची कित्येक जुनी ‘रोमन’ खापरं पुढे याच रांजणांची निघाली. निव्वळ भांड्याच्या पोटाचा तुकडा हाती असेल, तर मातीच सांगेल ती खरी.

उत्खननातल्या वस्तू वाटेवर मांडलेल्या नाहीत. पावसाने उघडी पडलेली खापरंही उचलू नयेत. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा. मोराबंदरसाठी अडीच तास वेगळे काढा आणि लेण्यांआधी तिकडे जा. उलट केलंत तर ती वाट उन्हाच्या कडाक्यात चालावी लागते. पाणी धक्क्यावरच भरून घ्या. परतीची शेवटची लाँच साडेपाचच्या आसपास असते, पण वेळ उतरतानाच विचारून ठेवा.