नाक: इंजेक्शन की ऑपरेशन?

मामेबहिणीच्या नाकाच्या दांड्यावर उंचवटा आहे. वैशाखात लग्न, म्हणून जळगावातल्या ब्युटी पार्लरवाल्या ताईंनी सुचवलं, "फिलर घे, पंधरा मिनिटांत काम!"

काम झटपट होतं, खरं आहे. फिलर म्हणजे हायल्युरोनिक ॲसिडचं जेल; ते इंजेक्शनने उंचवट्याच्या वर-खाली भरलं की दांडा सरळ दिसतो. पण त्याने नाक लहान होत नाही, उलट भरच पडते. साधारण वर्षभरात ते विरतं. नाही आवडलं, तर हायल्युरोनिडेज या औषधाने विरघळवता येतं. मात्र जेल रक्तवाहिनीत गेलं, तर कातडी मरू शकते, क्वचित डोळाही जातो. म्हणून ते पार्लरमध्ये नकोच.

ऑपरेशनमध्ये हाड तासतात, कूर्चेला (नाकातल्या मऊ हाडाला) आकार देतात. बहुधा पूर्ण भूल देऊन. आठवडाभर नाकावर स्प्लिंट (आधाराचं कडक आवरण), डोळ्यांखाली काळंनिळं, तोंडाने श्वास. चष्म्याचा भार चार-सहा आठवडे नाकावर नको. नथीचं सर्जनलाच विचारावं. बरीचशी सूज महिन्या-दोन महिन्यांत उतरते, शेंड्याची मात्र वर्षभर रेंगाळते. काहींना दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. आणि आपल्याकडचं मे महिन्यातलं ४४ अंशांचं ऊन सुजलेल्या नाकाला मुळीच मानवत नाही.

श्वासाचा त्रास असेल, तर फिलरचा उपयोग शून्य; दोन नाकपुड्यांमधला वाकडा पडदा ऑपरेशननेच सरळ होतो. बहिणीला रात्री एका नाकपुडीने श्वासच येत नाही, हे पार्लरमध्ये कुणी विचारलंही नव्हतं. मी तिला म्हटलं, लग्न होऊ दे, दिवाळीनंतर प्लास्टिक सर्जनला दाखवू. आजीचं मत वेगळंच: "नथ याच नाकावर शोभते."