क्लॅरिनेटचं माउथपीस: बंद टिप की उघडी?

भाचा आठवडाभर विचारतोय, मामा एम १५ घेऊ की बी ४५. दोन्ही माउथपीस, म्हणजे क्लॅरिनेटचा तोंडात धरून फुंकायचा भाग, व्हँडोरेन या फ्रेंच कंपनीचीच, लांबून बघितलं तर सारखीच दिसतात. खरा फरक टोकाशी आहे, रीड (फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी) आणि माउथपीसच्या टोकातली फट एम १५ ला १.०३५ मिमी आणि बी ४५ ला १.१९५, म्हणून पहिलं बंद टिपचं आणि दुसरं उघड्या टिपचं. म्हणजे वहीच्या दोन पानांएवढा फरक, पण ओठांना लगेच कळतो.

रीडचं बघ आधी, नंबर जितका मोठा तितकी ती कडक. एम १५ वर अडीच नंबरची रीड लावून जोरात फुंकलंस तर ती टोकाला चिकटून बसते आणि आवाजच बंद, म्हणून तिथे साडेतीन किंवा चारची लागते. बी ४५ वर तीच अडीचची मस्त वाजते, उलट चारची लावली तर अर्ध्या तासात गाल दुखतात आणि सुरात नुसती हवा ऐकू येते.

सुराच्या बाबतीत एम १५ पक्कं, वरच्या सप्तकात हळू वाजवतानाही सूर हलत नाही. पण मींड काढायची तर बी ४५ च, ओठ जरा सैल केला की सूर खाली ओघळतो. तोच सैलपणा थकल्यावर मात्र नडतो, सूर उतरायला लागतो.

वेस्टर्न क्लासिकल, परीक्षा, ऑर्केस्ट्रा असेल तर एम १५ घे. लग्नाच्या बँडमध्ये उघड्यावर वाजवायचं, गाण्याच्या अंगाने वाजवायचं असेल तर बी ४५. आणि दुकानात जाताना दोन-तीन नंबरच्या रीड्स खिशात ठेव, एकाच रीडवर दोन्ही ट्राय करू नकोस.